प्रयोगशाळा बांधण्याआधी: कोल्हापुरातल्या संस्थाचालकांना आणि वास्तुविशारदांना खुलं पत्र

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात प्रयोगशाळेची नवी इमारत उभारायला निघालेल्या सर्व संस्थाचालकांना, बांधकाम समित्यांच्या सदस्यांना आणि वास्तुविशारदांना,

सप्रेम नमस्कार.

मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका. 31 वर्षं प्रॅक्टिकल घेतली, ती दोन इमारतींत. पहिली जुनी, काळ्या दगडाची, पुढे लांब पडवी असलेली. दुसरी नवी, चकचकीत, आम्हाला हौसेनं बांधून दिलेली. हे पत्र त्या दुसऱ्या इमारतीमुळे लिहिते आहे. संस्थेचं नाव सांगणार नाही, कारण तिथल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. चुका नकाशावर झाल्या, आणि नकाशा काढताना प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एकाही माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

त्या इमारतीची दर्शनी बाजू पश्चिमेला होती, कारण रस्ता पश्चिमेला. दर्शनी बाजू म्हणून तिला वरपासून खालपर्यंत काच. मोठ्या खोल्या पुढे हव्यात म्हणून प्रयोगशाळा त्या काचेमागे आल्या, आणि ऑफिस, स्टाफरूम, वर्ग मागे सावलीत गेले. एप्रिलमधली दुपारी तीनची बॅच मला अजून आठवते. भिंतीवरचा थर्मामीटर 38 दाखवत होता. त्या दिवशी ईथर वापरून द्रव्य वेगळं करायचा प्रयोग होता, आणि ईथर 34.6 अंशांना उकळतं. म्हणजे बाटली टेबलावर ठेवली तरी आतलं ईथर उकळीच्या वर. एका मुलीनं सेपरेटिंग फनेल हलवलं, बूच उडालं आणि ईथर तिच्या मनगटावर, एप्रनवर सांडलं. शेजारच्या टेबलावर बर्नर पेटलेला नव्हता म्हणून आम्ही वाचलो. मी बॅच तिथंच थांबवली.

दुसऱ्या दिवशी आमच्या अटेंडंटनी घरून खळ करून आणली आणि आम्ही त्या काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. ऊन थांबलं, पण उजेडही गेला. मग ट्यूबलाइट लावल्या. बर्नरची ज्योत फडफडते म्हणून पंखे बंदच असायचे. एप्रिलच्या लखलखीत दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, घामानं निथळत साठ मुलं अनुमापन, म्हणजे टायट्रेशन, करत होती. पुढची कित्येक वर्षं ती वर्तमानपत्रं तशीच होती, दर उन्हाळ्यात नवी चिकटवायची एवढंच.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की हे आमच्याच नशिबी आलेलं नव्हतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला लुई कान या थोर वास्तुविशारदानं 1960 च्या सुमारास वैद्यकीय संशोधनासाठी प्रयोगशाळांचे मनोरे बांधले. जगभर त्यांचं कौतुक झालं. आत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मात्र उन्हाच्या तिरपीनं हैराण होऊन काचांना अॅल्युमिनियमची फॉइल लावली. कानसारख्या माणसाचं जिथं चुकलं, तिथं आपलं चुकणार नाही असं धरून चालता येत नाही. पण पुढच्या कामात त्यानं आत काम करणाऱ्यांची सोय पाहिली. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्यावर सगळे पाइप, डक्ट आणि वायरिंग यांच्यासाठी माणूस उभा राहील एवढा वेगळा मजला ठेवला. खाली काम चालू असताना वर दुरुस्ती करता येते, आणि प्रयोग बदलला तरी भिंती फोडाव्या लागत नाहीत. ती इमारत आज साठ वर्षांनंतरही कामात आहे. पाडून पुन्हा बांधावी न लागणं हीसुद्धा पर्यावरणाची मोठी बचत आहे, आणि तिचा हिशेब आपण धरत नाही.

आता आपल्या कोल्हापूरचं ऊन. हे शहर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. 21 मार्चला दुपारी तो सुमारे 73 अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर त्या दुपारी छज्जाखाली साडेसहा फुटांपर्यंत सावली पडते. म्हणजे दक्षिण आणि उत्तर या बाजू आपल्याकडे स्वस्तात सांभाळता येतात. डिसेंबरात सूर्य खाली, 50 अंशांवर येतो आणि थोडं ऊन आत शिरतं, पण तेव्हा ते सोसवतं. पश्चिमेचं ऊन मात्र आडवं येतं. त्याला कोणताही छज्जा पुरत नाही. म्हणून प्रयोगशाळेची इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा, खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवा, आणि पश्चिमेच्या टोकाला जिने, संडास, कोठारं द्या. प्लॉटचं तोंड पश्चिमेला असलं तरी हे करता येतं. दर्शनी बाजूला काचच हवी असा काही नियम नाही.

जुन्या इमारतीत आमच्या भिंती जवळजवळ दोन फूट जाड होत्या. दगड उष्णता अडवत नाही, पण ती उशिरा आत सोडतो. दुपारी भिंतीवर पडलेलं ऊन आतल्या बाजूला जाणवेपर्यंत रात्र होते, आणि रात्री प्रयोगशाळा रिकामी असते. शिवाय कोल्हापूरची हवा अशी की एप्रिलमध्येसुद्धा रात्र उतरते, गार वारं सुटतं. वरची झरोक्यासारखी खिडकी जाळी लावून रात्रभर उघडी ठेवली की सकाळी खोली निवलेली असायची. राहत्या घरात जाड भिंतींचा रात्री त्रास होतो, पण दिवसा चालणाऱ्या प्रयोगशाळेला त्या नेमक्या मानवतात. आज इतका दगड परवडणार नाही हे मला कळतं. दोन पातळ भिंती आणि मध्ये हवेची पोकळी, गच्चीवर उष्णतारोधक थर आणि वर पांढरं चायना मोझॅक, एवढं मात्र परवडतं, आणि ते आपल्या गवंड्यांना येतं.

हे सगळं कोणत्याही इमारतीला लागू पडेल. प्रयोगशाळेचं खरं वेगळेपण हवेत आहे, आणि इथं थोडा वेळ थांबून वाचावं अशी विनंती आहे.

ऑफिसमध्ये एसी लावला की तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवून थंड करता येते. प्रयोगशाळेत वायू, वाफा, कधी जंतू असतात, म्हणून तिथली हवा परत फिरवायची नसते. ती बाहेर टाकायची आणि तेवढीच ताजी हवा आत घ्यायची. फ्यूम हूड, म्हणजे वायू ओढून घेणारं काचेचं कपाट, हे काम करतं. त्याचा हिशेब सोपा आहे. कपाटाचं तोंड पाच फूट रुंद आणि काच दोन फूट वर केलेली, म्हणजे दहा चौरस फूट. त्या तोंडातून हवा मिनिटाला सुमारे शंभर फूट वेगानं आत जायला हवी, तरच वायू माणसाच्या नाकाकडे येत नाही. म्हणजे मिनिटाला हजार घनफूट हवा बाहेर. वीस बाय पंधराची, बारा फूट उंचीची खोली म्हणजे 3600 घनफूट. एक हूड ती खोली चार मिनिटांच्या आत रिकामी करतो. खोली एसीची असेल तर दर चार मिनिटांनी थंड केलेली सगळी हवा गच्चीवरून आकाशात गेली. प्रयोगशाळा चौरस फुटामागे ऑफिसच्या कितीतरी पट वीज खातात, ती मुख्यतः इथं.

म्हणून वीज वाचवण्याचा सर्वांत मोठा निर्णय पहिल्याच नकाशावर होतो. ज्या खोल्यांना हूड लागतो त्या एकत्र, एका बाजूला घ्या. वर्ग, स्टाफरूम, ऑफिस, संगणकाची खोली, लेखनाची टेबलं हे सगळं दुसऱ्या बाजूला घ्या आणि ते खिडक्या-पंख्यांवर चालू द्या. वजनकाटे आणि यंत्रं यांची छोटी खोली मध्ये, तिलाच एसी. मी पाहिलेल्या अनेक नव्या इमारतींत हे सगळं एकत्र मिसळलेलं असतं आणि मग सगळ्या मजल्याला एसी लावायची पाळी येते. त्यानंतर गच्चीवर सोलर पॅनल लावून ती वीज भरून काढण्याची धडपड सुरू होते. पॅनल जरूर लावा. आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास मिळतात. पण आधी गरज कमी करा.

हूड घेताना हवेचा प्रवाह काचेप्रमाणे कमी-जास्त होणारा घ्या. वरच्याच उदाहरणात काच दोन फुटांवरून सहा इंचांवर आणली तर हजारच्या जागी अडीचशे घनफूट पुरतात. मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवा की हात बाहेर आला की काच खाली. यात बचतही आहे आणि सुरक्षितताही. काही भडकलं तर चेहऱ्यासमोर काच असते.

हूडच्या चिमणीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती मी स्वतः भोगली आहे. आमच्या हूडची चिमणी गच्चीच्या कठड्याच्या खालीच, पश्चिमेला काढली होती. जून उजाडला, नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला, आणि किपच्या उपकरणात, म्हणजे वायू तयार करायच्या काचेच्या भांड्यात, तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड जसा बाहेर गेला तसाच खिडकीतून आत आला. सडक्या अंड्याचा वास चार दिवस गेला नाही, आणि तो वायू नुसता वास नव्हे, विष आहे. मग चिमणी वर घेतली, पण पाऊस आत जाईल म्हणून कोणीतरी तिच्यावर पत्र्याची टोपी बसवली. टोपीमुळे वायू वर जाण्याऐवजी आडवा पसरून पुन्हा गच्चीवरच घोळायला लागला. चिमणी छतापासून किमान दहा फूट उंच, तोंड उघडं, आणि पावसाचं पाणी खाली वेगळ्या नळीनं काढून टाकलेलं, अशी हवी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून आणि थंडीत पूर्वेकडून येतो, तेव्हा चिमणी कोणत्या बाजूला यापेक्षा ती किती उंच हे महत्त्वाचं. ताजी हवा घेण्याची जागा मात्र तिच्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवा.

जीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाच्या विभागांसाठी एकच सांगते. उणे 80 अंशांचे फ्रीजर दिवसाला वीसेक युनिट खाऊ शकतात आणि ती सगळी उष्णता खोलीत ओततात. ज्या नमुन्यांना चालतं त्यांच्यासाठी तेच फ्रीजर उणे 70 वर ठेवले तर सुमारे तीस टक्के वीज वाचते. आणि ते फ्रीजर एसीच्या खोलीत कोंडू नका.

आता पाणी. पावसाळ्यात पंचगंगा काय करते हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. तरीही आपल्या प्रयोगशाळांत पाणी कसं वाहतं ते पाहून माझा जीव तुटतो. डिस्टिल्ड वॉटरचा साधा प्लँट घ्या. एक किलो वाफेचं पाणी होताना साधारण 540 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. ती उचलायला नळाचं पाणी लागतं, आणि ते पाणी 40 अंशांनी तापून बाहेर पडलं असं धरलं तरी 13-14 लिटर लागतं. एका लिटरमागे 13 लिटर स्वच्छ पाणी सरळ मोरीत. दिवसाला वीस लिटर डिस्टिल्ड पाणी काढणारा विभाग 270 लिटर सांडतो, आणि ते पाणी खराबही झालेलं नसतं, नुसतं तापलेलं असतं. त्याला एक नळी लावून गच्चीच्या टाकीत परत पाठवायची, एवढंच काम. नकाशात ती नळी दाखवलेली नसते म्हणून ती कधीच होत नाही. कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीचं पाणी, नळाला लावलेल्या फिल्टर पंपाचं पाणी, सगळ्यांची हीच कथा. एक छोटा पंप, एक टाकी आणि तेच पाणी फिरवणारी लाइन सुरुवातीलाच टाकली तर विभागाचा पाण्याचा खर्च निम्म्याच्याही खाली येईल, असं मी माझ्या अनुभवावरून सांगते.

पावसाचं गणित तर तोंडपाठ व्हावं असं आहे. हजार चौरस मीटरची गच्ची आणि वर्षाला साधारण मीटरभर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर. ते सगळं साठवता येणार नाही, पण कंडेन्सर, फ्लशिंग आणि बागेचं वर्षाचं बरंचसं पाणी त्यातून निघेल.

सांडपाण्याबद्दल हात जोडून विनंती आहे. प्रयोगशाळेच्या मोऱ्यांची लाइन संडासाच्या लाइनपासून वेगळी ठेवा. आम्ल-अल्कली उदासीन करणारी टाकी तळमजल्याला, हात पोहोचेल अशी बांधा. शिसं, क्रोमियम, पारा यांचे द्राव मोरीत न जाता वेगळ्या बाटल्यांत जायला हवेत, आणि त्या बाटल्या ठेवायला नकाशातच जागा हवी. आपल्या शहरातलं सांडपाणी जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून कुठं जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या वाचून हळहळायचं आणि आपल्याच सिंकचा पाइप त्याच नाल्याला जोडायचा, हे मला माझ्या विद्यार्थ्यांसमोर कधीच समर्थन करता आलं नाही.

आणि पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. 2019 आणि 2021 मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. 2019 ला चहूकडे पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. प्रयोगशाळेची जागा निवडताना निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा, आधी पाहा. लाल रेषेच्या बाहेर असलात तरी रसायनांचं कोठार, विजेचं पॅनल आणि जनरेटर तळघरात ठेवू नका. पुराच्या पाण्यात सोडियमच्या बाटल्या आणि आम्लाचे कॅन तरंगण्याची कल्पना करा.

सामानाबद्दल थोडक्यात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या भागात फौंड्रीतून वापरलेली वाळू ढिगांनी निघते. चाचण्या करून ती पेव्हर ब्लॉकमध्ये, विटांमध्ये वापरता येते. ते ब्लॉक तपासायची सोय आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतच आहे. जांभा, काळा दगड, राखेच्या विटा, सगळं पन्नास-शंभर किलोमीटरच्या आत आहे. इटालियन मार्बल प्रयोगशाळेला कामाचाही नाही. आम्लाचा एक थेंब पडला की डाग कायमचा.

कोणी म्हणेल हे सगळं परदेशी थाटाचं आहे, आपल्याकडे कोण करणार. तर घाटाखाली, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला 1916 मध्ये वास्तुविशारद अच्युत कानविंदे जन्मले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. देशाला प्रयोगशाळा बांधायच्या होत्या, म्हणून त्यांना सरकारनं हार्वर्डला शिकायला पाठवलं. तिथं ते वॉल्टर ग्रोपियस या नामवंत आधुनिक वास्तुविशारदाचे विद्यार्थी झाले. परत येऊन वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. अहमदाबादची अटिरा ही कापडसंशोधन संस्थेची इमारत त्यांची, आयआयटी कानपूरचा परिसरही त्यांचाच. तिथं इमारती जोडणाऱ्या सावलीतल्या वाटा आहेत, उन्हात पाय न भाजता एका विभागातून दुसऱ्यात जाता येतं. पुढे त्याच आवारात त्यांच्याच कार्यालयानं पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचं केंद्र बांधलं. त्यात प्रयोगशाळा आहेत, पोकळीच्या भिंती आहेत, जमिनीखालच्या बोगद्यातून गार होऊन येणारी हवा आहे. गृह या आपल्या भारतीय मानांकनात पाच तारे मिळवणारी ती पहिली इमारत. कानपूरचा उन्हाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक. तिथं जमलं ते इथं न जमायला काही कारण नाही.

कायदाही आता बाजूला उभा आहे. 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता, म्हणजे वीज वाचवणाऱ्या बांधकामाचे नियम, आहे. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या वेळी पर्यावरणाच्या सोयींना गुण मिळतात. पण नुसत्या गुणांसाठी केलेली सोय समिती परत गेली की बंद पडते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पर्जन्यजल साठवण्याची टाकी कोरडी पडलेली आणि तिच्यावर कोनशिला चकचकीत, असं चित्र पुन्हा नको.

माझी मागणी एकच आहे. नकाशा मंजूर करण्याआधी बांधकाम समितीत प्रयोगशाळेत रोज उभ्या राहणाऱ्या दोन माणसांना घ्या, एक शिक्षक आणि एक अटेंडंट. अटेंडंटला जास्त विचारा. कोणती मोरी तुंबते, कोणत्या खिडकीतून पाऊस आत येतो, गॅसचा वास कोणत्या कोपऱ्यात साठतो, हे त्याला पाठ असतं. आणि वास्तुविशारदांना सांगा की एप्रिलमधल्या एका दुपारी तीन वाजता सध्याच्या प्रयोगशाळेत येऊन दोन तास उभं राहा, एप्रन घालून, पंखे बंद करून.

मी कोल्हापुरातल्याच संभाजीनगर भागात राहते. गुडघे दुखतात, पण जिने चढता येतात. ज्यांना नकाशा दाखवायचा असेल त्यांनी तो घेऊन यावं, किंवा मला बोलवावं. मी पेन्सिल घेऊन येईन.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
कोल्हापूर